विश्लेषण : दुबईतील नोकरी आणि व्यवसायाचे नियम कसे बदलले? फायदा कोणाला, धास्ती कोणाला?

संयुक्त अरब अमिरातीने (यूएई) १९८० सालचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ रोजी रद्द करून त्याजागी नवा कायदा लागू केला. त्याच्या आगेमागे परदेशी कंपन्यांवरची स्थानिक भागीदाराची अट गेली, कंपन्यांच्या नफ्यावर कर आला, नोकरदारांसाठी बेरोजगारी विमा सक्तीचा झाला आणि खासगी कंपन्यांना स्थानिक नागरिकांना नोकरी देण्याचे लक्ष्य ठरवून देण्यात आले. या देशात ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात. त्यात रत्नागिरी, रायगडमधून पिढ्यान्‌पिढ्या आखातात जाणारे आहेत, तसेच पुण्या-मुंबईतून गेलेले अभियंते, लेखापाल आणि उद्योजकही आहेत. म्हणूनच हे बदल महाराष्ट्रातील हजारो घरांच्या महिन्याच्या हिशेबाशी जोडलेले आहेत. नेमके काय बदलले आणि काय तसेच राहिले, याचा हा आढावा.

जुनी व्यवस्था कशी होती?

आखाती देशांतील परदेशी कामगारांची व्यवस्था दीर्घकाळ ‘कफाला’ पद्धतीवर चालली. कफील म्हणजे प्रायोजक. कामगाराचा व्हिसा, कामाचा परवाना आणि देशात राहण्याचा हक्क हे तिन्ही एकाच मालकाच्या हाती असत. मालकाची परवानगी नसेल तर नोकरी बदलणे अवघड आणि नोकरी सोडली की देश सोडण्याची वेळ. अमिरातीने ही गाठ टप्प्याटप्प्याने सैल केली. २०१६ पासून प्रमाणित करार आणि नोकरी बदलण्याचे तुलनेने सोपे नियम आले. तरीही निवासाचा व्हिसा मालकाशी जोडलेला असणे हा पाया बहुतांश कामगारांसाठी आजही कायम आहे.

परदेशी व्यावसायिकांसाठीही असाच एक प्रायोजक होता, फक्त त्याचे नाव ‘स्थानिक भागीदार’ असे होते. मुख्य भूमीवर कंपनी काढायची तर ५१ टक्के हिस्सा अमिराती नागरिकाच्या नावे ठेवावा लागे. अनेकदा हा भागीदार कागदापुरताच असे आणि त्याबद्दल दरवर्षी ठराविक रक्कम घेई. ही अट टाळायची तर फ्री झोन हा मार्ग होता. १९८५ मध्ये जेबेल अली येथे सुरू झालेल्या मुक्त क्षेत्रात परदेशी व्यक्तीला पूर्ण मालकी मिळत होती. पुढे अशी ४० हून अधिक क्षेत्रे उभी राहिली. मात्र तेथील कंपनीला मुख्य भूमीवर थेट व्यापार करण्यावर मर्यादा होत्या.

बदलाची गरज का भासली?

पहिले कारण तेल. २०१४ पासून तेलाचे दर कोसळले आणि तेलाच्या पैशावर अवलंबून राहण्यातला धोका आखाती राज्यकर्त्यांना नव्याने जाणवला. दुसरे कारण करोना. २०२० मध्ये नोकऱ्या गेल्या, तसे परदेशी लोक कुटुंबासह परतू लागले. ज्या देशात नागरिकांचे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे एक दशांश आहे, तिथे परदेशी माणूस गेला की भाडेकरू, ग्राहक आणि विद्यार्थीही जातो. त्यामुळे लोकांना केवळ कामासाठी बोलावून भागणार नव्हते, त्यांना टिकवून ठेवणेही गरजेचे झाले.

तिसरे कारण शेजारची स्पर्धा. सौदी अरेबियाने २०२१ मध्ये जाहीर केले, की ज्या परदेशी कंपन्यांचे प्रादेशिक मुख्यालय सौदीत नसेल, त्यांना २०२४ पासून सरकारी कंत्राटे मिळणार नाहीत. अशा बहुतेक कंपन्यांची मुख्यालये दुबईत होती. चौथे कारण जागतिक करव्यवस्था. बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर असावा, असे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या (ओईसीडी) पुढाकाराने ठरले. आपण कर लावला नाही, तर तो दुसरा देश वसूल करणार, हे स्पष्ट झाल्यावर ‘शून्य कर’ या जाहिरातीचा अर्थ उरला नाही.

परदेशी कंपन्यांना काय मिळाले?

१ जून २०२१ पासून मुख्य भूमीवरील बहुतांश व्यवसायांत परदेशी व्यक्ती किंवा कंपनीला १०० टक्के मालकी ठेवता येते. सुरक्षा आणि संरक्षण, बँका, विमा, दूरसंचार, चलन छपाई, हज आणि उमरा सेवा, मासेमारी अशी काही क्षेत्रे मात्र ‘सामरिक महत्त्वाची’ म्हणून वेगळी ठेवली आहेत. तेथे संबंधित नियामकाची मंजुरी आणि त्याच्या अटी लागू होतात.

याचा अर्थ असा, की पुण्यातील एखाद्या यंत्रसामग्री उत्पादकाला किंवा मुंबईतील सराफ व्यापाऱ्याला दुबईत स्वतःची कंपनी उघडून थेट स्थानिक बाजारात माल विकता येतो. त्यासाठी कागदोपत्री भागीदार शोधावा लागत नाही. भारत आणि अमिरातीमधील सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून लागू झाला. त्यामुळे दागिने, अभियांत्रिकी वस्तू, कापड अशा अनेक मालावरील आयात शुल्क कमी झाले किंवा हटले. मालकीची मोकळीक आणि शुल्काची सवलत एकाच सुमारास आल्याने भारतीय छोट्या उद्योगांचा दुबईकडचा ओढा वाढण्यास बळ मिळाले.

‘करमुक्त दुबई’ आता इतिहासजमा?

पगारापुरते उत्तर ‘नाही’ असे आहे. पगारावर आजही प्राप्तिकर नाही. व्यवसायाची गोष्ट वेगळी. १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर (व्हॅट) आहे. १ जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी कंपनी कर लागू झाला. वार्षिक करपात्र नफा ३ लाख ७५ हजार दिरहमपर्यंत असेल तर शून्य आणि त्यावरील रकमेवर ९ टक्के, असा हा साधा दर आहे. एकट्याने व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीची वार्षिक उलाढाल १० लाख दिरहमच्या पुढे गेली, तर तीही या कराच्या कक्षेत येते.

फ्री झोनमधील कंपन्यांना ठराविक प्रकारच्या उत्पन्नावर शून्य दर मिळू शकतो. पण त्यासाठी लेखापरीक्षित हिशेब, प्रत्यक्ष कार्यालय, कर्मचारी आणि खर्च अशा अटी पाळाव्या लागतात. केवळ पाटी लावून भाड्याच्या टेबलावर चालणाऱ्या कंपनीला ही सवलत टिकवणे कठीण आहे. १ जानेवारी २०२५ पासून, जगभरातील उलाढाल ७५ कोटी युरो किंवा अधिक असलेल्या बहुराष्ट्रीय समूहांवर १५ टक्के किमान कर लागू झाला आहे. थोडक्यात, जो देश पूर्वी हिशेब मागत नव्हता, तो आता हिशेब मागतो. लहान व्यावसायिकाला कराच्या रकमेपेक्षा वह्या, नोंदणी आणि विवरणपत्रांचा व्याप जास्त जाणवतो.

नोकरीचा करार कसा बदलला?

जुन्या कायद्यात मुदतीचे आणि बेमुदत असे दोन प्रकारचे करार होते. नव्या कायद्याने बेमुदत करार बंद केले. सर्व करार ठराविक मुदतीचे असतील आणि ते नूतनीकरण करता येतील. सुरुवातीला ही मुदत कमाल तीन वर्षे होती, नंतर दुरुस्ती करून ती मर्यादा काढण्यात आली. जुने बेमुदत करार बदलून घेण्यासाठी २०२३ च्या अखेरपर्यंत वेळ देण्यात आला होता.

परिविक्षाकाळ, म्हणजे प्रोबेशन, सहा महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. या काळात मालकाला काढायचे असेल तर १४ दिवसांची लेखी पूर्वसूचना द्यावी लागते. कामगाराला देशातच दुसरीकडे जायचे असेल तर एक महिन्याची सूचना द्यावी लागते आणि भरतीचा खर्च नव्या मालकाकडून जुन्या मालकाला मागता येतो. प्रोबेशन संपल्यावर दोन्ही बाजूंना ३० ते ९० दिवसांची, करारात लिहिलेली पूर्वसूचना बंधनकारक आहे.

पूर्वी मुदतीचा करार मध्येच सोडला, तर कामगाराला मालकाला दीड महिन्याच्या पगारापर्यंत भरपाई द्यावी लागे. ती अट आता नाही. नियमानुसार सूचना दिली की पुरे. अर्धवेळ, तात्पुरते, लवचीक आणि घरून काम असे प्रकारही कायद्याने मान्य केले. वर्षाला ३० दिवसांची भरपगारी रजा, ६० दिवसांची प्रसूती रजा (४५ दिवस पूर्ण आणि १५ दिवस अर्ध्या पगारावर) आणि मूल झाल्यावर आई किंवा वडिलांना पाच दिवसांची पालक रजा अशा तरतुदी आहेत.

एका बाबतीत मात्र कामगाराची बाजू आधीपेक्षा लंगडी झाली. जुन्या कायद्यात ‘अन्यायकारक बडतर्फी’ची व्याख्या बरीच रुंद होती. आता कामगाराने मंत्रालयाकडे गंभीर तक्रार केली किंवा खरा ठरलेला दावा दाखल केला म्हणून त्याला काढले, तरच ती बडतर्फी अन्यायकारक ठरते आणि त्यासाठी तीन महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई मिळू शकते. इतर वेळी योग्य कारण आणि पूर्वसूचना देऊन मालकाला करार संपवता येतो.

ग्रॅच्युइटीचा हिशेब कसा होतो?

आखातातून परतताना मिळणारी ग्रॅच्युइटी हीच अनेक कुटुंबांची एकरकमी शिल्लक असते. त्यातूनच घराचे बांधकाम होते, बहिणीचे लग्न होते. एक वर्ष सलग नोकरी झाली की तिचा हक्क सुरू होतो. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढील प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा पगार मिळतो. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगाराहून जास्त होत नाही.

मोठा बदल राजीनाम्याबाबत झाला. पूर्वी बेमुदत करारावरील कामगाराने तीन वर्षांच्या आत राजीनामा दिला तर एक तृतीयांश आणि तीन ते पाच वर्षांदरम्यान दिला तर दोन तृतीयांश ग्रॅच्युइटी मिळे. मुदतीच्या करारावर पाच वर्षांआधी सोडले तर काहीच मिळत नसे. आता स्वतःहून नोकरी सोडली तरी पूर्ण रक्कम मिळते. ‘पाच वर्षे कशीबशी काढायची’ हे जुने बंधन त्यामुळे सुटले.

खरी मेख वेगळीच आहे. हा हिशेब एकूण पगारावर होत नाही, फक्त मूळ पगारावर होतो. समजा, दोन कामगारांचा एकूण पगार ३,००० दिरहम आहे. पहिल्याच्या करारात मूळ पगार २,००० आणि भत्ते १,००० लिहिले आहेत. दुसऱ्याच्या करारात मूळ पगार १,२०० आणि भत्ते १,८०० आहेत. आठ वर्षांनी दोघेही परतले, तर पहिल्याला १३,००० दिरहम मिळतील आणि दुसऱ्याला ७,८००. हातात येणारा पगार सारखा, काम सारखे, तरी ५,२०० दिरहमचा फरक. सही करताना एका रकान्याकडे दुर्लक्ष झाले की ही किंमत मोजावी लागते.

ग्रॅच्युइटी कंपनी बुडाली की बुडते, हा जुना धोका कमी करण्याचेही प्रयत्न झाले. दुबई आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रात (डीआयएफसी) फेब्रुवारी २०२० पासून मालकाला दर महिन्याला मूळ पगाराच्या ५.८३ टक्के आणि पाच वर्षांनंतर ८.३३ टक्के रक्कम वेगळ्या बचत निधीत भरावी लागते. देशातील इतर खासगी कंपन्यांसाठी २०२३ मध्ये अशीच योजना आणली गेली, पण ती ऐच्छिक आहे.

नोकरी गेली तर आधार कोणता?

१ जानेवारी २०२३ पासून बेरोजगारी विमा सुरू झाला. मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असणाऱ्यांना महिन्याला ५ दिरहम आणि त्याहून जास्त पगार असणाऱ्यांना १० दिरहम हप्ता भरावा लागतो. हा हप्ता कामगाराने स्वतः भरायचा असतो. नोकरी गेल्यास मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम एका दाव्यात कमाल तीन महिने मिळते. पहिल्या गटासाठी ही मर्यादा महिन्याला १०,००० आणि दुसऱ्यासाठी २०,००० दिरहम आहे.

अटी मात्र नीट लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. किमान १२ महिने सलग हप्ते भरलेले असावेत. राजीनामा दिला किंवा शिस्तभंगासाठी काढले तर काही मिळत नाही. नोकरी गेल्यापासून ३० दिवसांत दावा करावा लागतो. देश सोडला किंवा नवी नोकरी लागली की भरपाई थांबते. विमा घेतलाच नाही तर ४०० दिरहम दंड आहे. ‘पाच दिरहमचा कसला विमा’ म्हणून टाळणाऱ्याला दंडही बसतो आणि गरजेच्या वेळी मदतही मिळत नाही.

व्हिसा रद्द झाल्यावर देशात राहण्याची मुदत पूर्वी सर्वसाधारणपणे ३० दिवस होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये नवे व्हिसा नियम आले तेव्हापासून व्हिसाचा प्रकार आणि कौशल्याची श्रेणी पाहून ती सहा महिन्यांपर्यंत मिळू शकते. कुशल कर्मचाऱ्यांसाठी मालकाविना मिळणारा पाच वर्षांचा ग्रीन व्हिसा आणि दहा वर्षांचा गोल्डन व्हिसाही आहे. पण कर्मचाऱ्यांच्या गटात त्यासाठी पगाराची अट अनुक्रमे दरमहा १५,००० आणि ३०,००० दिरहमच्या घरात आहे. बांधकामावरच्या फिटरला किंवा हॉटेलातल्या वेटरला ही दारे बंदच आहेत.

‘अमिरातीकरण’ म्हणजे काय?

अमिराती तरुण वर्षानुवर्षे सरकारी नोकरीलाच पसंती देत आले. सरकारी नोकऱ्या सर्वांना पुरणार नाहीत, म्हणून खासगी क्षेत्राकडे मोर्चा वळला. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मुख्य भूमीवरील कंपन्यांनी कुशल पदांवर स्थानिक नागरिकांचे प्रमाण दरवर्षी २ टक्क्यांनी वाढवून २०२६ अखेर १० टक्क्यांवर न्यायचे आहे. लक्ष्य चुकले तर न भरलेल्या प्रत्येक जागेमागे २०२२ साठी महिन्याला ६,००० दिरहम दंड होता आणि तो दरवर्षी १,००० ने वाढत गेला.

२०२४ पासून २० ते ४९ कर्मचारी असलेल्या कंपन्याही या जाळ्यात आल्या. वित्त, शिक्षण, आरोग्य, बांधकाम, घाऊक आणि किरकोळ व्यापार, वाहतूक, हॉटेल यांसह १४ क्षेत्रांतील अशा कंपन्यांना २०२४ मध्ये एक आणि २०२५ मध्ये आणखी एक स्थानिक कर्मचारी नेमणे बंधनकारक झाले. चूक झाल्यास २०२४ साठी ९६,००० आणि २०२५ साठी १ लाख ८ हजार दिरहम दंड ठरला. फ्री झोनमधील कंपन्यांवर हे बंधन नाही. कागदावर नातेवाईक दाखवून लक्ष्य पुरे करणाऱ्यांवर स्वतंत्र कारवाई होते.

मजुरीच्या कामांना यामुळे फारसा धक्का नाही, कारण लक्ष्य कुशल पदांपुरते आहे. धास्ती आहे ती मधल्या फळीला. लेखा, मनुष्यबळ, प्रशासन, बँकेतील ग्राहक सेवा या जागा पूर्वी हमखास भारतीयांच्या असत. पंचवीस माणसांच्या भारतीय व्यापारी पेढीसाठी दोन स्थानिक कर्मचाऱ्यांचा पगार किंवा दंड, दोन्ही खर्च मोठेच आहेत. काही मालक त्यामुळे कर्मचारीसंख्या २० च्या आत ठेवण्याचा विचार करू शकतात आणि त्याचा फटका नव्या भरतीला बसू शकतो.

पगार थकला, पासपोर्ट अडकवला तर?

कामगाराचा पासपोर्ट मालकाने स्वतःकडे ठेवणे कायद्याने मना आहे. भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करणेही मना आहे. पगार २००९ पासून ‘वेतन संरक्षण प्रणाली’द्वारे बँकेतून द्यावा लागतो, त्यामुळे थकबाकीची नोंद सरकारकडे राहते. तक्रार मनुष्यबळ आणि अमिरातीकरण मंत्रालयाकडे करायची असते. ५० हजार दिरहमपर्यंतच्या वादात मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकते आणि तो न्यायालयाच्या आदेशासारखा अमलात आणता येतो. एक लाख दिरहमपर्यंतच्या कामगार दाव्यांना न्यायालयीन शुल्क नाही.

ऑगस्ट २०२४ च्या दुरुस्तीने दोन महत्त्वाचे बदल केले. परवान्याशिवाय कामाला ठेवणे, परवाना काढून कामच न देणे, कामगारांची देणी न भागवता धंदा बंद करणे यांसाठीचा दंड ५० हजार ते २ लाख दिरहमवरून थेट १ लाख ते १० लाख दिरहम झाला. आणि हक्कासाठी दावा करण्याची मुदत हक्क निर्माण झाल्यापासून एक वर्ष होती, ती नोकरी संपल्यापासून दोन वर्षे झाली. ज्याला नोकरीत असताना तक्रार करण्याची हिंमत होत नाही, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

कायद्याच्या बाहेर कोण राहिले?

घरकामगार, स्वयंपाकी, घरगुती वाहनचालक, मुले सांभाळणाऱ्या स्त्रिया यांना हा कामगार कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी डिसेंबर २०२२ पासून वेगळा कायदा आहे. आठवड्याला एक दिवस सुटी, दिवसाला १२ तास विश्रांती आणि त्यातील आठ तास सलग, वर्षाला ३० दिवस रजा असे हक्क त्यात आहेत. पण बंद दाराआड त्यांची अंमलबजावणी तपासणे कारखान्याइतके सोपे नसते.

परदेशी कामगारांसाठी सर्वसाधारण किमान वेतन ठरलेले नाही. मंत्रिमंडळ ते ठरवू शकते एवढीच तरतूद आहे. कामगार संघटना काढण्याची मुभा नाही. आरोग्य विमा मात्र १ जानेवारी २०२५ पासून सर्व सात अमिरातींत मालकाची जबाबदारी झाला. त्याआधी अबुधाबी आणि दुबईतच तशी सक्ती होती.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी काय पाहावे?

सर्वांत मोठा सापळा व्हिजिट व्हिसाचा. ‘आधी जा, तिथे गेल्यावर परमिट करून देऊ’ असे सांगून एजंट पैसे घेतो. व्हिजिट व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. वर सांगितलेले बहुतेक हक्क कामाचा परवाना आणि नोंदवलेला करार असेल तेव्हाच सहज बजावता येतात. एजंट भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा उल्लेख असतो. त्यांना यूएईसह १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. या मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. व्हिजिट व्हिसावर गेलेला माणूस या विम्यालाही मुकतो.

भारतातून निघण्याआधी मिळणारे नोकरीचे प्रस्तावपत्र आणि मंत्रालयात नोंदवलेला करार यात फरक नसावा. प्रस्तावपत्र अरबी आणि इंग्रजीखेरीज हिंदी, उर्दू, मल्याळम, तमिळ अशा भाषांतही मिळते. मराठी त्यात नाही, पण हिंदी प्रत मागून घेता येते. त्यात मूळ पगार किती, पूर्वसूचना किती दिवसांची, राहण्याची सोय कोणाची आणि प्रतिस्पर्धी कंपनीत न जाण्याची अट आहे का, या चार गोष्टी सही करण्याआधी वाचाव्यात. अशी अट असल्यास ती दोन वर्षांहून जास्त मुदतीची असू शकत नाही.

अमिरातीत कर नाही, मग भारतात?

पगार करमुक्त आहे म्हणून भारतातील करखात्याशी संबंधच उरत नाही, असा समज चुकीचा आहे. २०२०-२१ या आर्थिक वर्षापासून, ज्या भारतीय नागरिकाचे भारतातील उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक आहे आणि जो अन्य कोणत्याही देशात करास पात्र नाही, त्याला भारताचा निवासी मानले जाते. त्याच्या दुबईतील पगारावर भारतात कर लागत नाही, मात्र भारतातून नियंत्रित होणाऱ्या व्यवसायाचे परदेशी उत्पन्न करपात्र ठरू शकते. भारतातील उत्पन्न १५ लाखांवर असलेल्यांसाठी भारतभेटीच्या दिवसांची मर्यादाही १८२ वरून १२० दिवसांवर आली आहे. सामान्य नोकरदाराला याची झळ बसत नाही. दुबईत राहून मुंबईतील धंदा चालवणाऱ्याने मात्र दिवस मोजून प्रवास केलेला बरा.

पुढे काय?

परदेशी गुंतवणूकदार आणि उच्च कौशल्याचा कर्मचारी यांना अमिराती आता दीर्घकाळ राहण्याचे आमंत्रण देत आहे. खालच्या स्तरावरील कामगाराला राजीनाम्याची मोकळीक, पूर्ण ग्रॅच्युइटी आणि तक्रारीचा सुकर मार्ग मिळाला, पण व्हिसा अजूनही मालकाकडेच आहे. मधल्या फळीतील नोकरदारापुढे स्थानिक उमेदवारांची स्पर्धा वाढत जाईल. अमिरातीकरणाचे १० टक्क्यांचे लक्ष्य पूर्ण झाल्यावर ते पुढे वाढवले जाते का आणि बचत निधीची ऐच्छिक योजना सक्तीची होते का, या दोन निर्णयांवर आखातातील भारतीयांचे पुढील काही वर्षांचे गणित अवलंबून असेल. पहिला निर्णय झाला तर लेखापाल आणि व्यवस्थापकांच्या जागा आक्रसतील. दुसरा झाला तर मालक बुडाला तरी कामगाराची शिल्लक वाचेल.